यादीतलं दुसरं अक्षर

वेर्ण्याच्या कारखान्यातले लिनक्सचे १४ सर्व्हर, ९ डेबियनचे आणि ५ रेड हॅटच्या जातीचे. कशावर काय इन्स्टॉल आहे याची यादी ऑडिटरला चतुर्थीच्या सुट्टीआधी हवी होती. स्क्रिप्ट साधीच: कुठलं लिनक्स आहे ते सांगणाऱ्या 'ओएस-रिलीज' फाइलमधला आयडी वाचायचा, डेबियन असेल तर डीपीकेजी चालवायचं, नाहीतर आरपीएम. इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांची नोंद हे दोघं ठेवतात.

पहिल्यांदा चालवली तर एकाच सर्व्हरची यादी आली, आणि एररही नाही. सर्व्हरची नावं एकेक करून वाचणाऱ्या व्हाइल-रीडच्या लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या मशिनवर कमांड चालवणारा प्रोग्रॅम) घातलं की ते लूपचंच इनपुट वाचतं. उरलेली १३ नावं त्यानेच गिळली होती. एसएसएचला इनपुट वाचू न देणारा 'एन'चा पर्याय दिला, १४ फाइली आल्या.

खरा घोळ पुढे. ऑडिटरने फाइली पाठवायच्या एका प्रोग्रॅमच्या ओळीवर बोट ठेवलं, "हा एफटीपी सर्व्हर अजून कसा?" शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं, "तो मी पावसाआधीच काढलाय." काढला होता, पण 'रिमूव्ह'ने. त्याने प्रोग्रॅम जातो, सेटिंगच्या फाइली राहतात, आणि 'डीपीकेजी -एल' ते पॅकेज 'आरसी' अशी खूण लावून दाखवतच राहतं. आमची स्क्रिप्ट वरच्या ५ मथळ्याच्या ओळी सोडून बाकी सगळं मोजत होती.

मग नेहमीचा उपाय केला: 'आयआय'ने, म्हणजे नीट इन्स्टॉल असल्याच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळीच ठेवायच्या. एफटीपी गेला, पण त्याच्याबरोबर डेटाबेसही गायब! अपग्रेड होऊ नये म्हणून तो होल्डवर ठेवलेला, त्याची खूण 'एचआय'. पहिलं अक्षर म्हणजे काय करायचं ठरलंय, दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय आहे. इन्स्टॉल आहे का, हे दुसऱ्याच अक्षराला विचारायचं. शेवटी डीपीकेजी-क्वेरीने खूण, नाव, आवृत्ती एवढंच काढलं आणि ऑकमध्ये (ओळी चाळायची कमांड) दुसरं अक्षर 'आय' आहे का ते तपासलं. पॅकेजांची यादी देणारी दुसरी कमांड, 'एपीटी लिस्ट', स्क्रिप्टमध्ये वापरू नये. तसा इशारा ती स्वतःच देते.

आरपीएमच्या यादीत 'जीपीजी-पबकी' नावाच्या ओळी होत्या. त्या सह्या तपासायच्या किल्ल्या, सॉफ्टवेअर नव्हे, गाळल्या. स्नॅप या वेगळ्या पद्धतीने बसवलेल्या पॅकेजांची यादी वेगळी काढावी लागली. 'ऑप्ट' फोल्डरमध्ये टारच्या गठ्ठा-फाइलमधून थेट सोडलेली जावा मात्र कुठल्याच यादीत येत नाही, ती हाताने लिहिली.

डेटाबेससमोरची 'एचआय' ऑडिटरला खटकली. त्या खुणेपुढे पेनने लिहून दिलं: मुद्दाम रोखलेलं.