पांढरी तीनवरची भैरवी

कुडाळ, ऋषिपंचमी. सकाळपासून पाऊस.

कॉन्सर्टिना (मधे भाता, दोन्ही टोकांना बटणं असलेलं हातात धरायचं छोटं वाद्य) घेऊन गणपतीला कोकणातल्या मित्रांकडे गेलं की पहिला वाद पट्टीचा. भजनवाल्यांचा गळा काळी एकवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, बसलेला, आणि वीस बटणांच्या सी-जी कॉन्सर्टिनात (बाहेरची ओळ सी म्हणजे पांढरी एकची, आतली जी म्हणजे पांढरी पाचची) काळ्यांपैकी एकच सूर असतो, काळी तीन. बाकी सगळे पांढरे. तेव्हा गाणाऱ्यांनीच अर्धा सूर उतरून पांढरी एकवर यायचं. काळी चारवाल्यांनी पांढरी पाचवर. गळ्याला अर्ध्या सुराचं काही वाटत नाही, अडतो तो पखवाज. गट्टे सैल करून तो नव्या षड्जाला लावेपर्यंत चहा होतो. घरात स्केलचेंजर पेटी असेल तर वादक बोटं काळी एकवरच ठेवतो आणि पट्ट्या एक घर खाली सरकवतो.

बसण्याआधी दोन्ही वाद्यांवर पांढरी सहा एकदम धरून बघावी. पेटीची एकच रीड (हवेनं थरथरणारी धातूची जीभ) चालू ठेवायची. नर-मादी हे रीडचे दोन्ही संच उघडे असतील तर त्यांच्यातल्याच लहरी, म्हणजे आवाजाची चढउतार, ऐकू येतात आणि फसगत होते. सेकंदाला एक लहर म्हणजे एक हर्ट्झचा फरक. तेवढा गजरात खपून जातो. तीन-चार लहरी असल्या तर एकाच वेळी दोन्ही वाजवू नयेत, आलटून पालटून वाजवावीत. रीड घासून सूर मिळवायची खुमखुमी पाहुण्यांच्या घरी तर मुळीच नको: टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, आणि गेलेला धातू परत येत नाही.

एकेका बटणाला दोन सूर, भाता ओढताना एक आणि दाबताना दुसरा. आता या बटणांत काय काय बसतं? अपेक्षेपेक्षा बरंच. पांढरी एकवर शुद्ध सूर आहेतच, आणि काळी तीन हा तिथला तीव्र मध्यम असल्यामुळे यमनही. पांढरी पाचवर खमाज. पांढरी दोनवर काफी, पण तिथं बाहेरच्या ओळीत सा, कोमल ग आणि प हे तिन्ही भाता ओढतानाच मिळतात. भाता उघडत जातो, ओळ संपायच्या आत हवा संपते. त्यावर उपाय म्हणजे सा मधूनमधून आतल्या ओळीत, भाता दाबून घ्यायचा. भैरव कुठल्याच पांढरीवर बसत नाही. सकाळच्या बैठकीत तो निघाला की कॉन्सर्टिना मांडीवर ठेवून टाळ हातात घ्यावा.

खरी मजा शेवटच्या भैरवीला. तिचा सा पांढरी तीन. भैरवीचा जीव सा आणि कोमल रे यांच्या लगटीत, आणि हे दोन सूर उलटसुलट भात्यावर आले की मध्ये झटका बसतो. पण डाव्या हाताच्या आतल्या ओळीतलं शेवटचं, तर्जनीखालचं बटण ओढताना पांढरी तीन देतं, आणि उजव्या हाताच्या बाहेरच्या ओळीतलं तिसरं बटण ओढतानाच पांढरी चार. भाता एकाच दिशेनं जातो, रे सापासून सुटत नाही. खालच्या सप्तकात हे जमत नाही. तिथली पांढरी तीन फक्त भाता दाबताना वाजते. म्हणून भैरवी वर घ्यायची, आवाज थोडा चिरका लागला तरी.

शेजारघरचे आजोबा हटकून विचारणार, "ह्या पेटीचो भातो खंय आसा?" भाता म्हणजेच वाद्य, हे सांगून पटत नाही, हातात द्यावं लागतं. देताना उजव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण आधी दाखवावं. ते न दाबता भाता जोरानं मिटला तर घड्या आणि भोकं झाकणाऱ्या कातडी गाद्या दोन्ही दुखावतात. पेटीची आणि हिची जात एकच, मोकळ्या रीडची. कार्ल उहलिगनं खेम्निट्समध्ये १८३४ साली केलेल्या जर्मन कॉन्सर्टिनावरून ही अँग्लो जात निघाली, तर कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांची हातपेटी १८७५ ची. फरक हवेचा. पेटीत आत दुसरा भाता हवा साठवतो म्हणून सूर संथ राहतो. इथं मनगट थरथरलं की सूर थरथरतो.

मालवण, गौरी आवाहन. पाऊस उघडला, दमटपणा तसाच.

एक बटण आत जाऊन बसलं. या हवेत लाकूड फुगतं, त्यात नवल नाही. घरोघरी सुचवला जाणारा खोबरेल तेलाचा थेंब मात्र पक्का घात: तेल कातड्यात जिरतं, त्यावर धूळ बसते, आणि मग गादी भोकाला चिकटते. त्या बाजूचे सहा स्क्रू अर्धा-अर्धा वेढा देत आळीपाळीनं सैल करावेत, कागदावर क्रमानं मांडावेत, झाकण सावलीत तासभर उघडं ठेवावं. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. परत बसवताना घट्ट आवळायचं नाही; दिवाळीनंतर लाकूड आकसलं की पुन्हा पाव वेढा द्यावा लागतोच.

सूर घरघरला तर रीडमध्ये कण असतो. पातळ कोरा कागद रीडच्या जिभेखालून अलगद सरकवायचा. सुरी नाही, टाचणीही नाही. भाता उघडताना कॉन्सर्टिना बाहेरची हवा आत ओढते, म्हणून वाऱ्याच्या वेळी चिवल्याच्या किनाऱ्यावर ती उघडूच नये. वाळू आत गेली की कागदानं निघत नाही, आणि खाऱ्या हवेनं पोलादी रीडला तांब चढते. पितळी रीडला ते भय नाही.

परतीच्या गाडीत पेटारा वरच्या फळीवर, आडवा. वाजवताना भाता जसा आडवा असतो तसाच प्रवासातही. एका टोकावर उभी ठेवली तर आतल्या कातडी पट्ट्या लोंबतात आणि सूर उशिरा लागतात. सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाकल्या आहेत. नारळ आणि काळे वाटाणे वेगळ्या पिशवीत.