सिल्लारीची सफारी आणि अडून बसलेली लेन्स

एप्रिलात पेंचची सकाळची सफारी घ्यायची तर नागपूरहून अंधारातच निघावं लागतं. जबलपूर रोडने कामठी, कन्हान, मनसर. मनसरला रामटेकचा फाटा उजवीकडे सोडून सरळ. सिल्लारी गेट शहरापासून साधारण ७० किलोमीटर. रस्ता उत्तम, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तर्री पोहे मात्र परतताना खा, जिप्सी पोटातलं सगळं घुसळून काढते.

आत शिरलो आणि उन्हं तापायच्या आधीच रानकुत्र्यांची टोळी भेटली, अगदी रस्त्यावर. फोकस लागला, बटण दाबलं आणि स्क्रीनवर संदेश आला: लेन्सशी संपर्क होत नाही, काँटॅक्ट (लेन्स आणि कॅमेरा जोडणारे धातूचे ठिपके) साफ करा. साफ केले, बॅटरी काढून घातली, तरी तेच. मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे शोधायची किंवा कुणाला विचारायची सोय नाही. गाईड कुजबुजला, "भाऊ, कुत्रे समोर बसून राहिले अन् तुम्ही काय खोलून राहिले?"

पण फोकस होत होता, म्हणजे संपर्क सगळाच तुटलेला नव्हता. या लेन्सचं अपर्चर, म्हणजे आतल्या पात्यांनी लहान-मोठं होणारं उजेडाचं भोक, एरवी सताड उघडं असतं. फोटो निघतो त्या क्षणापुरतंच ते आपण लावलेल्या आकड्याइतकं मिटतं. म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं आलबेल दिसतं आणि घोडं क्लिकलाच अडतं. आकडा सगळ्यात खाली, एफ ४ वर आणला, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडंच, मिटायची गरज नाही. फोटो निघाला. एफ ८ केला, पुन्हा एरर. म्हणजे दुखणं अपर्चरचं, आणि झूम लेन्स असेल तर बहुतेक वेळा त्याच्या फ्लेक्स केबलचं. ही कागदासारखी पातळ पट्टी दर झूमला दुमडते, उलगडते आणि कधीतरी घडीवर चिरते. ठरावीक झूमवरच एरर येत असेल तर पहिला संशय तिच्यावरच घ्या.

उरलेली सफारी एफ ४ वरच केली आणि काही बिघडलं नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) उजेडाप्रमाणे वाढवायचा, शटर वेगवान, फोकस नेमका डोळ्यावर. टोळी एका रांगेत बसलेली असेल तर मागची दोन-तीन धूसर येणार, एवढंच. जंगलात तेवढं चालतं.

जाणाऱ्यांनी एक साधी ५० एमएम लेन्स बॅगेत टाकावी. तिच्यावर एफ ८ ला फोटो निघाला तर बॉडी, म्हणजे कॅमेरा, ठणठणीत आहे, हे जागच्या जागी कळतं. लेन्स बदलायची ती जिप्सी थांबून धूळ खाली बसल्यावर, बॉडीचं तोंड जमिनीकडे करून. सोनेरी काँटॅक्ट कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. खोडरबर घासायचा सल्ला देणारे भेटतील. त्याचा भुगा बॉडीत जातो, ऐकू नका. आणि नागपूरच्या उन्हात बंद गाडीत कॅमेरा ठेवून जेवायला जाऊ नका. लेन्समधलं वंगण उष्णतेने पातळ होऊन पात्यांवर उतरतं, मग पाती चिकटतात.

दुरुस्तीसाठी नागपुरातली बर्डी, म्हणजे सीताबर्डी. पार्किंगच्या फंदात न पडता मेट्रोने जा, दोन्ही मार्गिका सीताबर्डीलाच मिळतात. पहिल्या दुकानात लेन्स हातात घेताच "सर्किट गेलं, हजारोंत जाईल" असं ऐकवलं. दुसऱ्या कारागिराने एफ ८ लावला, डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण (फोटो न काढता अपर्चर मिटवणारं) दाबून धरलं आणि लेन्समध्ये समोरून पाहिलं. पाती जागची हलली नाहीत. "पट्टी," एवढंच म्हणाला. मी लेन्स त्याच्याकडेच ठेवली.

तुम्हीही दुकानात नुसतं "लेन्स बिघडली" म्हणू नका. एफ ४ ला चालते, एफ ८ ला अडते, असं नेमकं सांगा. जुनी पट्टी परत मागून घ्या. पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून झूमच्या प्रत्येक टप्प्यावर एफ ८ आणि एफ १६ ला फोटो काढून बघा, कारागीर कितीही घाईत असला तरी.