जूनमधला सिएरा नेवाडा: केनेडी मेडोज ते रेड्स मेडो, बर्फावरून

मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही सुमारे ४,२६५ किलोमीटर लांबीची पायवाट आहे. तिचा सर्वांत उंच भाग कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत येतो, आणि जून महिन्यात तोच सर्वांत अवघड असतो. दक्षिणेकडील केनेडी मेडोज या छोट्या वस्तीपासून मॅमथ लेक्स गावाजवळच्या रेड्स मेडोपर्यंतचा सुमारे ३३० किलोमीटरचा हा टप्पा आम्ही चौघांनी सगळे सामान पाठीवर घेऊन पार केला. मी आणि माझा नाशिकचा मित्र, दोघेही नोकरीनिमित्त सॅन होजेला राहणारे, एकत्र निघालो होतो. ओरेगनमधील एक निवृत्त शिक्षक आणि जर्मनीहून आलेली एक परिचारिका केनेडी मेडोजच्या दुकानासमोरच्या ओट्यावर भेटली आणि तिथून पुढे शेवटपर्यंत सोबत राहिली.

निघण्यापूर्वी सर्वांत महत्त्वाची चौकशी करायची ती त्या वर्षीच्या हिमसंचयाची. कॅलिफोर्नियात १ एप्रिलच्या सुमारास डोंगरावरील बर्फाची मोजणी होते आणि तो आकडा सरासरीच्या किती टक्के आहे हे जाहीर केले जाते. २०१५ मध्ये तो अवघा ५ टक्के होता, तर २०२३ मध्ये सरासरीच्या दुपटीहूनही अधिक. एका वर्षी जूनच्या मध्यात ज्या खिंडीतून साध्या बुटांनी चालत जाता येते, तिथेच दुसऱ्या वर्षी जुलैतही कंबरभर बर्फ असतो. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या कोणाच्याही वृत्तांतावरून, अगदी या वृत्तांतावरूनही, तारखा ठरवू नयेत. आम्ही गेलो तेव्हा सरासरीहून थोडा अधिक बर्फ होता आणि साधारण ३,२०० मीटरच्या वर पायवाट जवळजवळ कुठेच दिसत नव्हती.

बर्फातल्या वाटचालीचे सगळे शास्त्र घड्याळावर चालते, हे मला या प्रवासात पुरेपूर पटले. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग गोठून घट्ट होतो. पहाटे त्यावर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायच्या खिळेदार साखळ्या, छान पकड घेतात आणि माणूस वरच्या वर चालत जातो. सकाळी दहाच्या पुढे तोच बर्फ मऊ पडू लागतो, आणि दुपारी प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जाते. खडकांच्या आणि झाडांच्या कडेला तर खाली पोकळी झालेली असते, तिथे पाय अडकून मुरगळण्याची भीती सर्वाधिक. त्यामुळे आम्ही रात्री अडीच-तीनला उठत असू, हेडलॅम्पच्या प्रकाशात निघत असू आणि दुपारी एकच्या आत तंबू लावत असू. मऊ बर्फातून तासाला दीड किलोमीटर अंतर कापले तरी ते चांगले समजावे.

ओढ्यांचे घड्याळ मात्र वेगळे आहे. दिवसभर वितळलेले पाणी खाली पोहोचते ते दुपारनंतर. संध्याकाळी ओढे सर्वांत फुगलेले असतात आणि पहाटे सर्वांत उतरलेले. म्हणजे खिंड चढायलाही पहाट हवी आणि ओढा ओलांडायलाही पहाटच हवी, आणि एकाच पहाटे दोन्ही साधत नाही. या पेचातून मार्ग काढणे हेच या टप्प्याचे खरे नियोजन आहे. उदाहरणार्थ, क्रॅबट्री मेडो ते फॉरेस्टर खिंड या भागात वॉलेस, राइट आणि टिंडल असे तीन ओढे ओळीने येतात. आम्ही क्रॅबट्रीहून पहाटे निघून तिन्ही ओढे उन्हे चढण्यापूर्वी ओलांडले, टिंडलच्या पलीकडे कोरड्या जागी मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशीची पहाट संपूर्णपणे खिंडीसाठी राखून ठेवली.

फॉरेस्टर खिंड ४,००९ मीटर उंच असून ती संपूर्ण पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरील सर्वोच्च जागा आहे. दक्षिणेकडून पाहताना समोर एक उभी कातळभिंत दिसते आणि यातून वाट कुठे असेल असा प्रश्न पडतो. जवळ गेल्यावर त्या भिंतीत कोरून काढलेली नागमोडी वाट दिसू लागते. या बाजूला ऊन लागत असल्याने वाटेचा बराच भाग मोकळा होता. खरी परीक्षा माथ्याच्या थोडे अलीकडे येते. तिथे एक अरुंद, तीव्र उताराची घळ आहे आणि ती बर्फाने भरलेली असते. रुंदी काही पावलांचीच, पण खाली पाहिले तर उतार दूरवर थेट जातो. आधीच्या लोकांच्या पावलांचे खड्डे रात्रीतून गोठून काचेसारखे झाले होते. डोंगराच्या बाजूच्या हातात बर्फाची कुऱ्हाड, तिचे टोक बर्फात रुतवायचे, ते पक्के बसल्याचा बोथट आवाज ऐकायचा, मग एक पाय, मग दुसरा, आणि मगच कुऱ्हाड उपसायची. एका वेळी एकच जण घळीत होता आणि बाकीचे तिघे अलीकडे कातळावर थांबून होते. आमच्या शिक्षकमित्राला पलीकडे पोहोचायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि त्या वेळात कोणीही त्यांना हाक मारली नाही.

कुऱ्हाड नुसती सॅकला लटकवून नेण्यात काही अर्थ नाही. घसरल्यावर पालथे होऊन तिच्यावर अंगाचा भार टाकून स्वतःला थांबवण्याची कृती अंगवळणी पडलेली असावी लागते, कारण विचार करायला वेळ मिळत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला उंचीची आणि कातळाची सवय असते, बर्फाची नसते. भारतातून येणाऱ्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा मनालीतील संस्थेचा बेसिक कोर्स केलेला असेल तर फारच उत्तम. माझ्या मित्राने तो केला होता, आणि कॉटनवूड खिंडीजवळच्या एका सौम्य उतारावर, जिथे खाली खडक किंवा पाणी नव्हते, त्याने आम्हा सर्वांकडून तासभर सराव करून घेतला.

मला विचाराल तर या प्रवासात बर्फापेक्षा पाणी अधिक धोक्याचे आहे. २०१७ च्या प्रचंड हिमवर्षावानंतर या ट्रेलवर दोन तरुणींचा सिएरातील वेगवेगळ्या प्रवाहांत बुडून मृत्यू झाला, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पिंचो आणि माथेर या खिंडींच्या मधला किंग्ज नदीचा दक्षिण फाटा, इव्होल्यूशन क्रीक आणि बेअर क्रीक ही तीन नावे नकाशावर आधीच लाल करून ठेवावीत. वाट जिथे पाण्यात उतरते तिथेच ओलांडले पाहिजे, असा काही नियम नाही. किंग्जच्या फाट्यापाशी आम्ही बराच वेळ वरच्या अंगाला चालत गेलो आणि प्रवाह फाटे फोडून उथळ होतो तिथे उतरलो. इव्होल्यूशन क्रीकची नेहमीची जागा खळाळती असते. पाणी जास्त असेल तर वरच्या कुरणातून ओलांडावे. तिथे पाणी कमरेपर्यंत येते, पण प्रवाह संथ असतो.

बेअर क्रीकला मात्र खरी मेहनत पडली. सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते. बूट काढू नयेत. अनवाणी पायांना थंडीने लगेच बधिरता येते आणि दगड लागतात. तोंड प्रवाहाकडे ठेवून, दोन्ही काठ्या पुढे रोवून, आडवे एकेक पाऊल सरकावे. पाणी मांड्यांपर्यंत होते, काठी उचलली की ती प्रवाहात थरथरत असे, आणि पायाखालचे गोटे सरकल्याचे कानांना नव्हे तर गुडघ्यांना कळत असे. पलीकडे पोहोचल्यावर लगेच कोरडे मोजे, गरम पाणी आणि काहीतरी खाणे, हा क्रम आम्ही कधीही मोडला नाही.

सोबत्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. केनेडी मेडोजला बर्फाच्या धास्तीने लोक घाईघाईने गट जमवतात आणि दोन दिवसांत ते गट लांबलचक पसरतात. पुढचे ओढा ओलांडून निघूनही गेलेले असतात आणि मागचा एकटाच काठावर उभा असतो. अशा सोबतीचा काहीच उपयोग नाही. आम्ही पहिल्याच संध्याकाळी ठरवले होते की खिंड आणि ओढा दोन्ही ठिकाणी शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायचे, आणि चौघांपैकी एकालाही नको वाटले तर कारण न विचारता परतायचे. आमच्या परिचारिका मैत्रिणीने एकदा हा अधिकार वापरला. ग्लेन खिंडीखाली, दुपारी, वरचे आकाश काळवंडलेले असताना तिने नकार दिला आणि आम्ही झाडांच्या रेषेपर्यंत खाली आलो. तासाभरात गारा आणि विजा सुरू झाल्या. गटातील वेगवान माणसाने सर्वांत मागे चालावे हेही मी आवर्जून सुचवेन.

म्यूर खिंड सुमारे ३,६४४ मीटर उंच, म्हणजे फॉरेस्टरहून बरीच बुटकी असली तरी दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर सलग बर्फ असल्याने ती अधिक दमवते. माथ्यावर १९३० मध्ये बांधलेली दगडी झोपडी आहे. तिथे मुक्काम करण्यास मनाई आहे, ती फक्त वादळात अडकलेल्यांसाठी आहे. अलीकडचे हेलन सरोवर आणि पलीकडचे वांडा सरोवर यांना अमेरिकी निसर्गवादी जॉन म्यूर यांच्या दोन मुलींची नावे दिलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही गोठलेली होती आणि कडांना फिकट निळी रेघ उमटली होती. या भागात बर्फावरून परावर्तित होणारे ऊन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही भाजते. सनस्क्रीन तिथेही लावावे, आणि गडद, बाजूंनी बंद असलेला चष्मा क्षणभरही काढू नये.

अन्न अस्वलांपासून सुरक्षित राहील अशा कडक डब्यात ठेवणे इथे सक्तीचे आहे. डब्याचे वजनच किलोहून अधिक असते आणि जागा मर्यादित, त्यामुळे कमी जागेत जास्त उष्मांक देणारे पदार्थ निवडावेत. शेंगदाण्याची चिक्की, तूप घालून केलेले मेतकूट, खजूर आणि डिंकाचे लाडू यांनी आम्हाला फार साथ दिली. ३,५०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून कच्ची डाळ नेऊ नये. पातळ पोहे किंवा घरी शिजवून वाळवलेली खिचडी न्यावी, गरम पाण्यात ती मऊ होते. शिधा पुन्हा भरण्यासाठी केअरसार्ज खिंड ओलांडून ओनियन व्हॅलीत उतरता येते आणि तिथून वाहनाने इंडिपेंडन्स गावी जाता येते.

परवानगी दोन प्रकारची असते: सलग ५०० मैलांहून अधिक चालणाऱ्यांसाठी ट्रेलची लांब पल्ल्याची, आणि त्याहून कमी अंतरासाठी ज्या वनक्षेत्रातून सुरुवात कराल तेथील. गॅसचा स्टोव्ह वापरण्यासाठी कॅलिफोर्नियाचा वेगळा विनामूल्य परवानाही लागतो. मोबाइलला जवळजवळ कुठेही रेंज नसल्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण गटात किमान दोघांकडे असावे, आणि नकाशे फोनवर उतरवून घेतलेले असले तरी कागदी नकाशाही बाळगावा.

शेवटची एक गोष्ट परतीची. रेड्स मेडोचा रस्ता बर्फ हटेपर्यंत बंद असतो, त्यामुळे जूनमध्ये पोहोचणाऱ्यांनी तिथे बस मिळेल असे गृहीत धरू नये. मॅमथ खिंडीवरून हॉर्सशू सरोवरापर्यंत चालत बाहेर पडता येते, आणि त्या वाटेसाठी एक जास्तीचे जेवण राखून ठेवावे. मॅमथ लेक्सहून महामार्ग ३९५ वरून उत्तरेला रेनो आणि दक्षिणेला लँकेस्टरपर्यंत बस जातात. त्या रोज नसतात, म्हणून केनेडी मेडोज सोडण्यापूर्वीच वेळापत्रक पाहून घ्यावे.