प्रीमियमने दाबून ठेवलेली खटखट

"चढावर गाडी खटखटते, पण प्रीमियम पेट्रोल टाकलं की गप्प बसते. मग यापुढे प्रीमियमच टाकत जाऊ ना?" किल्ली माझ्या हातात देताना ताईंनी विचारलं. यजमानांचं मत नेमकं उलट: प्रीमियम म्हणजे निव्वळ पैसे उडवणं. वाटेत बरीच वादावादी झालेली दिसत होती, आणि निकाल मी द्यायचा होता.

मी आधी टाकीचं झाकण उघडलं. आतल्या स्टिकरवर लिहिलं होतं, किमान ९१ रॉन. रॉन म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा मोजायची एक पद्धत; मॉन ही दुसरी. इंजिन टर्बो नसलेलं, साधं. काही देशांत पंपावर रॉन आणि मॉन या दोन आकड्यांची सरासरी लिहितात, तिथलं ८७ म्हणजे रॉनच्या हिशेबात ९१च्या आसपास. आकडा लहान दिसला म्हणून पेट्रोल हलकं असतं असं नाही.

ऑक्टेन म्हणजे ताकद, ही समजूत काही केल्या जात नाही. सिलिंडरमध्ये स्पार्कपासून निघालेली ज्वाळा पोचायच्या आत कडेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर खटखट होते. तसं पेटायला पेट्रोल किती विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. शुद्ध आयसोऑक्टेनला १००, हेप्टेनला ०, अशी ती मोजपट्टी. लिटरमागची ऊर्जा साध्या आणि प्रीमियम पेट्रोलमध्ये जवळपास सारखीच.

म्हणजे प्रश्न असा होता: ९१ वर चालायला बनवलेली गाडी ९५ चं प्रीमियम का मागते आहे?

टाकीत त्या दिवशी साधंच होतं. स्कॅनर लावला, यजमानांना शेजारी बसवलं आणि चढाला लागलो. वरचा गिअर, कमी आरपीएम, पाय दाबलेला. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला आणि पडद्यावर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे सरकायला लागलं. नॉक सेन्सर आवाज ऐकतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो, इंजिन वाचतं. पण गाडी ओढत नाही आणि अ‍ॅव्हरेज पडतं. "हे बघा, ही तुमची पॉवर चालली," मी म्हणालो. यजमान पहिल्यांदाच गप्प झाले.

कूलंटचं तापमान ठीक, धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्हही ठीक. मग प्लग काढले. नीट चाललेल्या प्लगच्या टोकावरची चिनीमाती फिकट तपकिरी असते. हिची चुन्यासारखी पांढरी, त्यावर बारीक फोड, इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल. प्लगवरचा नंबर मॅन्युअलशी ताडला आणि उलगडा झाला. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी दुसऱ्या कंपनीचे प्लग बसवले होते. प्लगच्या नंबरातला एक आकडा हीट रेंजचा असतो, म्हणजे प्लग उष्णता किती लवकर बाहेर सोडतो त्याचा: लवकर सोडणारा थंड, धरून ठेवणारा गरम. काही कंपन्यांत तो मोठा असला की प्लग थंड, काहींत नेमका उलटा प्रकार. तक्ता न बघता आकडा जुळवला, आणि गाडीत गरम प्लग गेले.

प्रीमियमने आवाज कमी होत होता, हे ताईंचं निरीक्षण बरोबरच होतं. पण तापलेलं टोक तसंच राहिलं असतं. ते लाल होऊन स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवायला लागलं, की जास्त ऑक्टेन फारसं कामाला येत नाही आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. म्हणजे बिघाड कळायचा एकमेव आवाज प्रीमियम दाबून ठेवत होतं.

मॅन्युअलमधल्या नंबराचे प्लग बसवले आणि पुन्हा त्याच चढाला, त्याच साध्या पेट्रोलवर गेलो. टायमिंग जागचं हललं नाही.

"बघ, मी सांगत होतो," यजमान लगेच सुरू झाले. त्यांच्या भावाकडे टर्बो गाडी आहे, आता त्यालाही साधंच टाकायला सांगतो म्हणाले. त्यांना तिथेच थांबवलं. भावाच्या झाकणावर 'किमान ९५' असेल तर ९५च, तिथे काटकसर नको. 'शिफारस ९५' असेल तर साध्यावरही चालते, फक्त ईसीयू टायमिंग मागे घेतं. ओझं भरून उन्हात घाट चढायचा असेल तेव्हा फरक जाणवतो.

"आणि इंजिन साफ होतं म्हणतात, ते?" ताईंनी विचारलं. सफाई करतात ती डिटर्जंट अ‍ॅडिटिव्ह. ती ऑक्टेनपेक्षा वेगळी गोष्ट, आणि साध्या पेट्रोलमध्येही असू शकतात.

जुने प्लग मी त्यांच्याकडेच दिले, म्हटलं मागच्या गॅरेजवाल्याला नंबरासकट दाखवा.