तुम्ही विचारलंत म्हणून: केलाँगहून पाय निघाला कसा?

नाशिकला परत आल्यापासून ओळखीचे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात. इतकी वर्षे त्या बर्फातल्या गावात काढल्यावर तिथून पाय निघाला कसा? विचारण्यामागे आस्था असते, पण गंगापूर रोडवर सकाळी फिरताना दोन मिनिटांत सांगण्यासारखे हे उत्तर नाही, म्हणून बहुतेक वेळा "जड गेले" एवढेच म्हणून मी पुढे चालू लागते. आज नीट सांगते.

केलाँग हे हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पीती जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर, भागा नदीच्या काठच्या उतारावर ते वसले आहे. पलीकडच्या डोंगरावर कारदंगचा गोंपा (बौद्ध मठ) दिसतो आणि काही किलोमीटर खाली, तांदी येथे, भागा चंद्रा नदीला मिळते. मी तिथे गेले ती वाटाणा आणि बटाट्याच्या बियाण्याच्या कामासाठी. आषाढ-श्रावणात मैदानी भागात वाटाणा नसतो, तेव्हा लाहौलचा हिरवा वाटाणा मंड्यांत पोहोचतो. तिथल्या थंड, कोरड्या हवेत मावा ही रस शोषणारी कीड फारशी टिकत नाही, त्यामुळे माव्यामार्फत पसरणारे विषाणूरोग कमी असतात आणि तिथल्या बटाट्याला बियाणे म्हणून मागणी असते. द्राक्षाच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला हे काम समजायला वेळ लागला नाही. गाव समजायला मात्र पहिला हिवाळा जावा लागला.

तेव्हा मनालीहून केलाँगला जायचे म्हणजे ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि ती साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बर्फाखाली असे. त्या काळात बाहेर पडायचे तर हेलिकॉप्टरच्या यादीत नाव लागावे लागे, त्यातही आजाऱ्यांचा नंबर आधी, आणि हवा बिघडली की सगळेच खोळंबत. म्हणून ऑक्टोबर हा त्या गावात निरोपाचा महिना होता. अनेक कुटुंबांची कुल्लूच्या खोऱ्यात दुसरी घरे आहेत; म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले तिकडे जात, आणि मागे राहणारे सुकवलेली भाजी, पीठ आणि सरपण यांचा हिशेब करत बसत.

जाणारा माणूस मागे राहणाऱ्याला घराची किल्ली देऊन जात असे, आणि माझ्या सगळ्या उत्तराचे मर्म या किल्लीत आहे. तिथली जुनी घरे सपाट मातीच्या छताची. त्यावर बर्फ साचू दिले तर छतावर भार येतो आणि ते वितळू लागले की घर गळते, त्यामुळे प्रत्येक मोठ्या हिमवृष्टीनंतर कोणीतरी लाकडी फावडे घेऊन वर चढावेच लागते. घर रिकामे असले तरी त्याचे छत वाऱ्यावर सोडून चालत नाही. माझ्या स्वयंपाकघरात तंदूरच्या बाजूला एका खिळ्यावर अशा किल्ल्या टांगलेल्या असत (तंदूर म्हणजे तिथली पत्र्याची शेगडी, जिच्याभोवती सगळा हिवाळा जातो). कोणती किल्ली कोणाची हे कळावे म्हणून प्रत्येकीला मोज्यांच्या विणकामातून उरलेल्या वेगळ्या रंगाच्या लोकरीचा धागा बांधलेला असे. लाल धागा शेजारच्या आजींचा. किल्ली हातात ठेवताना त्या फार काही बोलत नसत. बर्फ ओसरले की त्या येणार आणि तोवर छत माझ्याकडे, हे दोघींनाही माहीत असे.

मग ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगच्या डोंगराखालून जाणारा अटल बोगदा खुला झाला. ९.०२ किलोमीटर लांबीच्या या बोगद्याने मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरने कमी केले. हिमस्खलनाने दोन्ही बाजूंचा रस्ता अजूनही अधूनमधून अडतो. पण अडलेल्या बाळंतिणीला भर जानेवारीत कुल्लूच्या इस्पितळात नेता येते, ही गोष्ट ज्यांनी आधीचे हिवाळे पाहिले आहेत त्यांना सांगावी लागत नाही. त्या बोगद्याबद्दल मला निखळ आनंद आहे, आणि "गावाचं गावपण गेलं" असे कोणी पर्यटक म्हणाला तर मी त्याच्याशी भांडते. तरीही हळूहळू खिळ्यावरच्या किल्ल्या कमी झाल्या, हे खरे आहे. लोक आठवड्याभरासाठी जाऊ लागले आणि परत येऊ लागले, आणि ऑक्टोबर इतर महिन्यांसारखा झाला.

नाशिकला आईचे वय झाले होते, म्हणून मी निघाले ती या नव्या काळात. सगळ्यांच्या दृष्टीने मी फक्त बोगद्याच्या पलीकडे जात होते. उरलेल्या किल्ल्या परत करायला मी घरोघर गेले, तेव्हा जो तो म्हणाला, "राहू द्या की, लागतील." आजींनी गळ्यात पांढरा खतक (निरोपाचे, मानाचे उपरणे) घातला, हाताने विणलेले मोजे दिले आणि म्हणाल्या, "आता रस्ता कायम उघडा आहे, रडतेस कशाला?" लाल धाग्याची किल्ली मात्र त्यांनी घेतली नाही. ती मी टेबलावर ठेवून आले.

तेव्हा जड गेले ते हे. बर्फाची सवय सुटते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की इथले लोक माझ्याकडे कौतुकाने पाहतात, पण स्वेटर मीही घालते. डोंगर सोडून आल्याचे दुःखही सोसते. पण ज्यांच्या छतावरचे बर्फ काढणे माझ्याकडे होते आणि माझ्या छताची काळजी ज्यांच्याकडे होती, त्या माणसांच्या देण्याघेण्यातून मी बाहेर पडले, आणि त्याचा निरोप कोणी घेऊही दिला नाही.

यावर पुढचा प्रश्न येतो, की परत जाणार का. जाणार आहे, आणि उन्हाळ्यात नव्हे. जानेवारीत तिथे हाल्डा हा सण असतो, मशाली पेटवून गाव एकत्र येते, आणि पाहुणीने त्या सुमारास जाणे हे बोगद्यापूर्वी फारसे शक्यच नव्हते. आजींनी फोनवर दोन गोष्टी बजावल्या आहेत: नाशिकचे बेदाणे आण, आणि आमचे छत अजून मातीचेच आहे. बेदाण्यांसाठी पिंपळगावच्या ओळखीच्या बागायतदाराला सांगून ठेवले आहे.