मी येथे शिकते, याचा दाखला

गेल्या आठवड्यात मला एक कागद हवा होता. ‘सदर विद्यार्थिनी या विद्यापीठात शिकत आहे’ एवढे एकच वाक्य, त्याखाली एक सही आणि सहीवर गोल शिक्का. या कागदाला आम्ही बोनाफाईड म्हणतो. शब्द मूळचा लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘सद्भावनेने’ असा होतो. पण सद्भावनेवर कोणाचेच भागत नाही, म्हणून तर हा कागद लागतो. तो मिळवायला मला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत माझी पाच लेक्चर बुडाली. मी वर्गात बसते हे सिद्ध करण्यासाठी मला वर्गाबाहेर उभे राहावे लागले, ही गंमत मी खिडकीपलीकडच्या मॅडमना सांगून पाहिली. त्या हसल्या, आणि हसतच म्हणाल्या, “अर्जाला आय-कार्डाची झेरॉक्स जोडलेली नाही.”

आय-कार्डावर माझे नाव, माझा फोटो आणि मी याच विद्यापीठाची विद्यार्थिनी असल्याचा मजकूर आहे. ते देणारे कार्यालय हेच आणि त्याची प्रत मागणारे कार्यालयही हेच. तरीही मी झेरॉक्स काढून आणली, कारण खिडकीसमोर तर्कशास्त्र चालत नाही हे पहिल्या वर्षीच कळलेले असते. मग शुल्काची पावती दुसऱ्या इमारतीत आणि विभागप्रमुखांची सही तिसऱ्या इमारतीत. सर मीटिंगमध्ये होते. विद्यापीठात सरांचे मीटिंगमध्ये असणे हे हवामानासारखे असते. त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही, आभाळाकडे पाहावे तसे बंद दाराकडे पाहून लोक परत फिरतात.

या इमारतींमधले अंतर हा आमच्या शिक्षणाचा एक मोठा भाग आहे. ‘कॅम्पस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी मैदान. अठराव्या शतकात अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाभोवतीच्या मोकळ्या जागेला हा शब्द लावला गेला आणि पुढे जगभरच्या विद्यापीठांनी तो उचलला. नाव मैदानाचे असले तरी मैदानातून चालायला बंदी असते. दोन इमारतींना जोडणारा फरसबंद रस्ता काटकोनात वळतो, हिरवळीवर ‘येथून चालू नये’ अशी पाटी उभी असते आणि त्या पाटीला खेटूनच हजारो पावलांनी तुडवलेली तिरकी पायवाट जाते. लेक्चर संपून दुसरे सुरू होण्यात पाच मिनिटे असतील, तर काटकोनात चालणे कोणाला परवडणार? आराखडा करणारे आमच्या वेळापत्रकाला कधी भेटलेले नसतात, एवढाच या पायवाटेचा अर्थ आहे.

रांगेबद्दल तर मला विशेष वाईट वाटते, कारण ज्या इमारतीच्या तळमजल्यावर ती लागते, तिच्याच तिसऱ्या मजल्यावर रांगांचे गणित शिकवले जाते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये या विषयावरचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. या शास्त्रातील एक साधी गोष्ट आम्हाला परीक्षेतही विचारतात: येणाऱ्यांचा वेग मोकळे होणाऱ्यांच्या वेगाच्या जवळ पोहोचला की रांग हळूहळू वाढत नाही, एकदम फुगते, आणि अशा वेळी आणखी एक खिडकी उघडली तर प्रतीक्षा निम्म्याहूनही कितीतरी कमी होऊ शकते. आमच्या तळमजल्यावर चार खिडक्या आहेत. त्यांपैकी तिघींच्या काचेमागे कपाट लावलेले आहे.

पण खरी कुचंबणा हजेरीची. विद्यापीठ ज्ञानाबद्दल जेवढे विचारत नाही, तेवढे उपस्थितीबद्दल विचारते. वर्गात एक कागद फिरतो आणि आपण तिथे आहोत याची सही त्यावर करायची असते. पहिल्या बाकावरून निघालेला तो कागद मागच्या बाकांपर्यंत पोहोचता पोहोचता तास संपतो, आणि मग मागे बसून सगळे ऐकणारा गैरहजर ठरतो, तर घरी झोपलेल्याची सही मित्राच्या हातून सुबक उमटलेली असते. मीही दोनदा मैत्रिणीची सही केली आहे. तिची सही माझ्या सहीपेक्षा मला चांगली येते, हे इथे कबूल करायला हरकत नाही. सत्राच्या शेवटी यादी लागते, तीत माझे नाव कमी उपस्थितीवाल्यांत निघते, आणि खुलासा म्हणून मी लिहिते की तेव्हा मी आपल्याच कार्यालयासमोर उभी होते. त्या उभे राहण्याला पुरावा काय, असा प्रश्न अर्थातच येतो.

हे सगळे आजचे दुखणे असावे असे मला वाटत होते, पण ते आठशे वर्षांचे आहे. पॅरिसच्या विद्यापीठासाठी १२१५ मध्ये केलेल्या नियमांत असे कलम आहे की, ज्याला ठरावीक गुरू नाही तो पॅरिसमध्ये विद्यार्थी मानला जाणार नाही. म्हणजे तू विद्यार्थी आहेस कशावरून, हा प्रश्न तेव्हाही होताच. फरक इतकाच की उत्तरादाखल एका माणसाकडे बोट दाखवता येत होते. आज माझ्या वर्गात दीडशे जण आहेत आणि माझा ठरावीक गुरू कोण हे मला सांगता येणार नाही. सरांना तर नाहीच नाही.

इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठाची हकिकत वाचली तेव्हा मात्र मला शुद्ध मत्सर वाटला. परंपरेने १०८८ हे स्थापनावर्ष मानल्या जाणाऱ्या या विद्यापीठात मध्ययुगात विद्यार्थ्यांच्याच संघटना कारभार पाहत. प्राध्यापकाने घंटेबरोबर शिकवायला सुरुवात करायची, पुढच्या घंटेला थांबायचे, शहराबाहेर जायचे तर विद्यार्थ्यांची परवानगी काढायची. आणि व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत तर दंड प्राध्यापकानेच भरायचा. हजेरीचा कागद तिथे उलट्या दिशेने फिरत होता म्हणायचा! मी दोन दिवस या कल्पनेत रमले होते. मग लक्षात आले की ते विद्यार्थी शिक्षकांचे मानधन स्वतःच्या खिशातून देत होते, त्यांतले पुष्कळ जण चांगले वयाने मोठे आणि पैसेवाले होते, आणि मुख्य म्हणजे त्या रांगेत मला कोणी उभेच केले नसते. डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री मानल्या जाणाऱ्या एलेना कोर्नारो पिस्कोपिया यांना इटलीतल्याच पदुआच्या विद्यापीठाने ती दिली १६७८ मध्ये. त्यांना हवी होती धर्मशास्त्रातली. बिशपने आक्षेप घेतला, म्हणून तत्त्वज्ञानातली घ्यावी लागली. अर्जावर ‘विषय बदलून पुन्हा सादर करावा’ असा शेरा पडण्याची परंपरा ही अशी जुनी आहे.

मध्ययुगीन ग्रंथालयांत पुस्तके साखळीने बांधून ठेवत. आता पुस्तके मोकळी आहेत. आमच्या कार्यालयात बांधलेले असते ते पेन, खिडकीच्या गजाला, जाड दोऱ्याने.

तिसऱ्या दिवशी दुपारी सही मिळाली, शिक्का बसला आणि कागद हातात आला. मजकूर तीन ओळींचा होता. त्याची मुदत किती, हे मी विचारले नाही, कारण काही उत्तरे माहीत नसलेलीच बरी. कागद फाइलमध्ये ठेवून वळले, तर मागे पहिल्या वर्षाचा वाटावा असा एक मुलगा गोंधळून उभा होता. “ताई, बोनाफाईडचा फॉर्म इथेच मिळतो का?” त्याने विचारले. मी त्याला सगळे नीट सांगितले: फॉर्म इथे मिळतो, पण पावती आधी पलीकडच्या इमारतीतून घ्यावी, तिकडे जाताना हिरवळीतून जावे म्हणजे चार मिनिटे वाचतात, आय-कार्डाची झेरॉक्स मागितली नाही तरी जोडावी, आणि सर जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच गाठावेत, कारण मीटिंग त्यानंतर सुरू होते. तो मान हलवत ऐकत होता. तो निघाला तेव्हा आठवले, म्हणून मागून हाक मारून म्हटले, “आणि पेन स्वतःचे आण. ते बांधलेले चालत नाही.”