सोल्डरिंग स्टेशन घेऊ का, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"सोल्डर बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडवर बसतच नाही, गोळा होऊन बिटलाच चिकटतं. साधं पंचवीस वॉटचं आयर्न आहे. टेंपरेचर कंट्रोलवालं स्टेशन घेऊ का?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की हल्ली मी उत्तर द्यायच्या आधी बिटचा, म्हणजे आयर्नच्या तापणाऱ्या टोकाचा, फोटो मागवतो. बहुतेक फोटोंत ते काळंठिक्कर पडलेलं असतं.

स्टेशन नको. निदान आत्ता तरी नको. त्या पैशांतले थोडे खर्चून फ्लक्सची डबी आणि बऱ्यापैकी सोल्डर वायर आणा.

तांब्यावर हवेने ऑक्साइडचा थर चढतो. कोकणात, खाऱ्या हवेत, जरा जास्तच लवकर. सोल्डर, म्हणजे कथिल-शिशाचं मिश्रण, या थराला धरत नाही. तो काढायचं काम फ्लक्सचं. फ्लक्स म्हणजे मुळात चिडाच्या झाडाची राळ. थंड असताना ती निरुपद्रवी असते, वितळली की आम्लासारखी वागून ऑक्साइड विरघळवते. सोल्डर वायरच्या पोटात ती भरलेलीच असते. नवखा माणूस काय करतो, तर आधी बिटवर सोल्डर घेतो आणि मग ते जॉइंटकडे नेतो. तेवढ्यात राळ धूर होऊन गेलेली असते आणि जॉइंटवर पोहोचतो तो नुसता गोळा. तो चिकटेल कशाला?

कल्हईवाल्याला काम करताना पाहिलं असेल तर उलगडा चटकन होईल. तो आधी भांडं तापवतो, त्यावर नवसागर टाकतो, मग कथिल लावून कापसाने फिरवतो. तापलेल्या भांड्यावर कथिल आपसूक पसरतं. इथेही तसंच. बिट एकाच वेळी पॅडला आणि पार्टच्या पायाला टेकवा, सेकंदभर थांबा, आणि वायर दुसऱ्या बाजूने जॉइंटला लावा, बिटला नव्हे. जॉइंटच्या उष्णतेनेच ती वितळली पाहिजे. दोन-तीन सेकंदांत काम होतं. आधी वायर बाजूला घ्या, मग बिट, आणि गार होईपर्यंत काहीही हलवू नका.

हे वाचून कुणी नवसागर किंवा पत्राकामाचं अ‍ॅसिड बोर्डावर वापरू नका. भांडं घासून धुतलं जातं, बोर्ड तसा धुतला जात नाही. मागे राहिलेला क्षार ओल धरून तांबं खात बसतो.

काळ्या बिटचं काय? गरम असताना पितळी जाळीत खुपसा, लगेच ताजं सोल्डर लावा, बंद करतानाही थोडं सोल्डर लावूनच ठेवा. कानस मारू नका. जुने रेडिओ मेकॅनिक कानस मारायचे ते बरोबरच होतं, कारण त्यांची बिट नुसत्या तांब्याची असत. आजच्या बिटवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. तो घासला गेला की वितळलेलं कथिल आतलं तांबं विरघळवतं आणि टोकाला खड्डा पडतो.

स्टेशन घेतलेल्यांचा पहिला पराक्रम म्हणजे आकडा ४५० वर नेणं. ग्राउंडच्या, म्हणजे सगळ्या सर्किटच्या सामाईक जोडणीच्या, मोठ्या तांब्याला जोडलेला पाय तापत नाही म्हणून डायल फिरवायचा. ३५० अंश पुरतात. कमी पडतं ते टोकाचं क्षेत्रफळ. सुईसारख्या टोकातून उष्णता जाणार किती? छिन्नीसारखं चपटं बिट लावा. ४५० वर फ्लक्स क्षणात जळतो, आणि पॅड बोर्डाला गोंदाने चिकटवलेला असल्याने सुटून वर येतो. उचकटलेल्या पॅडवर इलाज आहे: त्या पॅडपासून पुढे जाणाऱ्या ट्रॅकवरचा, म्हणजे तांब्याच्या पट्टीवरचा, हिरवा थर नखाएवढा खरवडा आणि पायापासून तिथपर्यंत बारीक तार जोडा. दिसायला भिकार, पण चालतं.

वायर घेताना ६३/३७ मागा, म्हणजे ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं. ही १८३ अंशांना वितळते आणि तिथेच घट्ट होते. ६०/४० मध्ये त्याच्या वर काही अंश ती लापशीसारखी असते. तेवढ्यात हात हलला की झालं ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जोडलेला दिसणारा पण आतून नीट न धरलेला जॉइंट, आणि मग रेडिओ थापट मारली की चालतो, नाहीतर नाही. युरोपात २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक्समधून शिसं हद्दपार झालं, त्यामुळे आजच्या बोर्डांवर बहुधा २१७ अंशांच्या पुढे वितळणारं सोल्डर असतं. त्यातला पार्ट काढायचा तर आधी त्यावर आपलं शिशाचं सोल्डर थोडं मिसळा, मग वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप लावा. काम सोपं होतं. शिसं हाताला लागतं म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवा. धूर मात्र शिशाचा नसतो, राळेचा असतो; दमा असणाऱ्यांनी पंखा बाजूला लावावा.

आणखी दोन गोष्टी विचारत कुणी नाही, पण घडतात सगळ्यांच्या हातून. वायरी जोडून झाल्यावर आठवतं की जोडावर सरकवायची स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) आधी घालायची राहिली. आणि आयर्न टेबलावरून घसरलं की हात आपोआप झेलायला जातो. पडू द्या. बिट नवं मिळतं.

स्टेशन घ्यायची वेळ येते ती बारीक एसएमडी पार्ट, म्हणजे भोकाशिवाय थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे, रोज हाताळू लागलात की. तेव्हा जरूर घ्या, फक्त त्याची वेगवेगळ्या आकाराची बिट सुटी मिळतात का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा.